मेंढीचा ढेकर, बाभळीच्या शेंगा आणि ८० टक्क्यांची पावडर

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आटपाडी तालुक्यातल्या एका तरुण मेंढीपालकाने विचारलंय: "माझ्याकडे बंदिस्त गोठ्यात ६० माडग्याळ मेंढ्या आहेत. एक जण वनस्पतींपासून केलेली पावडर घेऊन आला होता. मेंढीमागे रोज १० ग्रॅम द्यायची, किलोला १८० रुपये. म्हणतो, मिथेन ८० टक्के कमी होतो, वाचलेल्या ताकदीवर कोकरं झपाट्याने वाढतात, शिवाय पुढे कार्बन क्रेडिटचे, म्हणजे हवा तापवणारा असा वायू कमी केल्याबद्दलचे, पैसे मिळतात. घेऊ का?"

घेऊ नका. निदान या तीन गोष्टी ऐकून तरी घेऊ नका. पण झाडपाल्याने मेंढीचा मिथेन कमी होतो, हे काही थोतांड नाही. त्यामागे चांगलं शास्त्र आहे. त्यातला तुमच्या कामाचा बराचसा भाग तर तुमच्या बांधावरच उभा आहे, त्यासाठी १८० रुपये मोजायची गरज नाही. वीसेक वर्षं शेळ्या-मेंढ्यांच्या खाद्यातच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा वायू येतो कुठून ते पाहू. मेंढी चारा खाते तेव्हा तो पहिल्यांदा कोठीपोटात जातो. तिथे कोट्यवधी जिवाणू आणि एकपेशीय जीव तो कुजवतात, आंबवतात. या आंबण्यातून मेंढीला आम्लं मिळतात आणि त्यावरच ती जगते. पण सोबत हायड्रोजनही सुटतो. तो साचून राहिला तर आंबण्याचं कामच मंदावेल. म्हणून तिथे सूक्ष्मजीवांची एक वेगळी जमात हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा मिथेन करते, आणि मेंढी तो ढेकरातून बाहेर टाकते. जवळजवळ सगळा तोंडा-नाकावाटेच जातो. लोक हसून मागच्या बाजूकडे बोट दाखवतात, तिथून जाणारा भाग अगदी किरकोळ. म्हणजे मिथेन हा काही रोग नाही, कोठीपोटाचं ते धुराडं आहे. धुराडं बंद करायला निघालात तर हायड्रोजनला दुसरी वाट करून द्यावी लागते, नाहीतर चूलच विझते. पुढे जे काही सांगतोय ते या एका गोष्टीभोवती फिरतं.

आता हिशेब. ताकद वाचते म्हणजे किती वाचते?

२५ किलोची मेंढी दिवसाला साधारण ९०० ग्रॅम कोरडा चारा-खुराक खाते. त्यात एकूण ४,००० च्या आसपास किलोकॅलरी असतात. त्यातल्या सुमारे ६ टक्के मिथेनच्या रूपाने उडून जातात, म्हणजे २४० किलोकॅलरी. समजा तुमच्या पावडरने मिथेन खरंच २० टक्के कमी केला, तर वाचल्या ४८ किलोकॅलरी. मक्याच्या भाषेत सांगायचं तर १५ ते २० ग्रॅम मका. एक छोटी मूठ. मक्याचा भाव किलोला २५ रुपये धरला तर ४०-५० पैसे. आणि पावडरचा खर्च मेंढीमागे रोज १ रुपया ८० पैसे! त्यातही वाचलेली ताकद पूर्णपणे मेंढीच्या अंगी लागतेच असं नाही, बऱ्याचदा तो हायड्रोजन तसाच ढेकरातून निघून जातो. "वाचलेल्या ताकदीवर कोकरं वाढतात" या वाक्यात जीव आहे तो एवढाच. एखाद्या पावडरने वजन वाढलंच, तर ते दुसऱ्या कारणाने वाढलेलं असतं: जंत कमी झाले, प्रथिनं जास्त पोचली किंवा भूक सुधारली.

८० टक्क्यांचा आकडा कुठून आला हेही मला ठाऊक आहे. ॲस्पॅरागॉप्सिस नावाचं लाल समुद्री शेवाळ आहे. ऑस्ट्रेलियात त्यावर भरपूर काम झालं. मेंढ्यांना खाद्यात ३ टक्क्यांपर्यंत हे शेवाळ देऊन ७२ दिवस मोजमाप केलं तेव्हा मिथेन ५० ते ८० टक्क्यांनी घटला होता. आकडा खरा आहे. मात्र त्याच प्रयोगात काही मेंढ्यांच्या कोठीपोटाच्या आतल्या अस्तरात बिघाड दिसला, ही गोष्ट विकणारे सांगत नाहीत. या शेवाळातला कामाचा घटक म्हणजे ब्रोमोफॉर्म. तो उडून जाणारा असतो. शेवाळ उन्हात वाळवलं की त्यातला बराचसा निघून जातो, म्हणून ते गोठवून वाळवतात किंवा तेलात मुरवून ठेवतात. आटपाडीच्या उन्हात, पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यात तो किती उरेल हे तुम्हीच ठरवा. शिवाय तुमच्या पावडरमध्ये शेवाळ आहे असं विक्रेत्याने म्हटलंय कुठे? आकडा शेवाळाचा घ्यायचा आणि पिशवीत भलताच पाला भरायचा, असं मी दोनदा पाहिलंय.

आपल्या हवामानात, आपल्या झाडांवर आधारलेलं जे काम झालंय ते टॅनिनवर, म्हणजे पाल्या-शेंगांतल्या तुरट द्रव्यावर. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं. २०२१ साली त्याची बरीच चर्चा झाली. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ते बनवलेलं आहे, गाई-म्हशींना आणि मेंढ्यांनाही चालतं, आणि मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं संस्थाच सांगते. तीन महिन्यांवरच्या जनावरांनाच द्यायचं, कारण त्याआधी कोठीपोट पुरतं तयार झालेलं नसतं. सरकारी संस्था स्वतःच्या मालाबद्दल २० च्या वर बोलत नाही, हे ध्यानात ठेवा. कुणी मिथेनबद्दल बोलायला आलं की ही माझी पहिली मोजपट्टी असते. याच संस्थेत चिंचोक्याची टरफलं आणि रिठा एकत्र देऊन संकरित गाईंवरही काम झालंय. आपल्याकडे चिंचोक्याची पावडर करणाऱ्या कारखान्यांतून ही टरफलं निघतात. त्याचा खाद्यासाठी नीट उपयोग करायला कुणी पुढे आलं तर बरं होईल.

टॅनिन म्हणजे काय ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. बाभळीची कोवळी शेंग दाताखाली धरा. जीभ आखडते, तोंड कोरडं पडतं. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. लाळेतली प्रथिनं ते धरून ठेवतं म्हणून तोंड ओढल्यासारखं होतं. चामडं कमावायला बाभळीची साल वापरतात तीही याच गुणामुळे. कोठीपोटात टॅनिन दोन-तीन कामं करतं. मिथेन करणाऱ्या जमातीला आणि तिच्या सोबत्यांना थोडं दाबतं. तंतुमय चारा कुजण्याचा वेग किंचित कमी करतं, त्यामुळे हायड्रोजनही कमी सुटतो. आणि प्रथिनांना मिठी मारून त्यांना कोठीपोटात फुटू देत नाही. पुढे चौथ्या पोटात आम्ल तीव्र असतं, तिथे ही मिठी सुटते आणि प्रथिनं मेंढीच्या वाट्याला येतात. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड देणाऱ्यासाठी खरा फायदा हा आहे. दुसरा फायदा म्हणजे पावसाळ्यात पोटातले रक्तपिपासू जंत टॅनिनमुळे काही प्रमाणात काबूत राहतात. जंताचं औषध त्यामुळे बंद करायचं नाही, पण अंगात रक्त टिकून पापणीच्या आतला रंग जरा लाल राहायला मदत होते.

पण प्रथिनांना मिठी मारणं ही गोष्ट उलटतेही. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

नव्याने काम सुरू केलं होतं तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा फुकट मिळत होत्या. एका गोठ्यावर १५ कोकरांना मी त्या भरडून भरपूर चालू केल्या, सोबत ज्वारीचा कडबा आणि नावापुरता कोंडा. पेंड महाग म्हणून मीच कमी करायला सांगितली होती. पहिले चार दिवस मजेत गेले. दहाव्या दिवशी गोठा झाडणाऱ्या मावशींनी लेंड्या हातात घेऊन दाखवल्या: बारीक, काळ्या, खड्यासारख्या घट्ट. गव्हाणीत पाहिलं तर कडबा अर्धा तसाच पडलेला, आणि तळाशी शेंगांची तपकिरी भुकटी नाकाने बाजूला सारलेली. महिन्याने वजनं केली तेव्हा कोकरं होती तिथेच होती, दोन तर घटली होती. चाऱ्यात प्रथिनं मुळात कमी, आणि होती तीही टॅनिनने बांधून टाकलेली. कोठीपोटातल्या जिवाणूंना नायट्रोजनच मिळेना, मग कडबा कुजवणार कोण? मिथेन त्या महिन्यात नक्कीच कमी निघाला असेल. उपाशी मेंढी ढेकर कमीच देते.

तेव्हापासून माझा नियम असा: ज्याच्या खाद्यात पेंड, द्विदल चारा मिळून प्रथिनं १२ टक्क्यांच्या वर आहेत त्यालाच मी टॅनिनचं नाव सांगतो. एकूण कोरड्या खाद्यात टॅनिन २ ते ३ टक्क्यांच्या आत ठेवायचं. ५ च्या वर गेलं की खाणं घटतंच. तुमच्यासारख्या गोठ्यात २५ किलोच्या मेंढीला पिकलेल्या, वाळलेल्या बाभळीच्या शेंगा भरडून ५० ग्रॅमपासून सुरू करा, दहा-बारा दिवसांत १०० ग्रॅमवर या आणि तिथेच थांबा. शेंगा भरडणं महत्त्वाचं, कारण अख्खं बी तसंच लेंडीतून बाहेर पडतं आणि पुढच्या वर्षी शेतात बाभळी उगवतात. दुधावरच्या कोकरांना आणि शेवटच्या दीड महिन्यातल्या गाभण मेंढ्यांना देऊ नका.

सुबाभूळ बांधावर असेल तर तीही उपयोगी. प्रथिनं भरपूर, टॅनिनही आहे. पण तिच्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, आणि मेंढीला त्याचा पहिला फटका बसतो तो लोकरीवर. मिमोसिनमुळे लोकर मुळापासून सुटते, इतकी की ऑस्ट्रेलियात एके काळी कातरणीऐवजी मिमोसिन देऊन लोकर उतरवता येईल का याचे प्रयोग झाले होते. आपल्याकडच्या जनावरांच्या पोटात ते पचवणारे जिवाणू बऱ्याचदा असतात, त्यामुळे हाहाकार होत नाही. तरी एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा, हळूहळू वाढवा, आणि अंगावर हात फिरवल्यावर लोकर हातात यायला लागली तर त्याच दिवशी बंद करा. शेवरी आणि दशरथ घास यांच्याबाबतीत ही धास्ती नाही. मला विचाराल तर बंदिस्त मेंढीपालनात या दोन पिकांइतकं स्वस्त औषध नाही. निकृष्ट कडब्याच्या जागी थोडा कोवळा द्विदल चारा आला की खाल्लेल्या किलोमागे मिथेन कमी आणि वजन जास्त, दोन्ही एकदम.

रिठा, शिकेकाई यांच्याबद्दल फार उत्साह नाही माझा. त्यांतला फेस देणारा घटक कोठीपोटातल्या एकपेशीय जीवांना मारतो, आणि मिथेन करणारे काही सूक्ष्मजीव त्यांनाच चिकटून राहतात, म्हणून सुरुवातीला आकडे छान येतात. पण दोन-तीन आठवड्यांत बाकीचे जिवाणू तो घटक फोडायला शिकतात आणि गाडी मूळपदावर येते. शिवाय चव कडू. १४ दिवसांच्या प्रयोगावर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पावडरींचं इंगित हेच. लसणाचीही थोडीफार तीच गत. आणि कुणी लसणाच्या धर्तीवर, भाव पडला की टाकाऊ कांदा ढिगाने घालायला सांगेल, तर तसं करू नका. गाईपेक्षा मेंढी कांदा जास्त सोसते हे खरं, पण प्रमाण सुटलं की तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते.

तेलाचा विषय मात्र दुर्लक्षित राहतो. खाद्यात स्निग्धांश १ टक्का वाढला की मिथेन साधारण ४-५ टक्के घटतो. तुम्ही घाण्यावरची सरकी पेंड देत असाल तर तिच्यात ६-७ टक्के तेल उरलेलं असतं. तेल पूर्ण काढलेल्या पेंडीत ते जवळजवळ नसतं. म्हणजे रोज २०० ग्रॅम घाण्याची पेंड देणारा माणूस नकळत मिथेन कमी करतच असतो. एकूण खाद्यात स्निग्धांश ६ टक्क्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर तंतू पचणं मंदावतं. लहान कोकरांना सरकी जपून द्या, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना बाधतं.

आता तुमच्या कळपाचा मिथेन खरोखर कशाने कमी होईल ते सांगतो. मेंढीमागे वर्षाला ५ किलो हा आपल्यासारख्या देशांसाठी धरला जाणारा आकडा. तुमच्या ६० मेंढ्यांचे झाले ३०० किलो. यात आठ जरी भाकड, दोन वर्षं न व्यालेल्या असतील, तर ४० किलो मिथेन त्यांचाच. त्या बाजारात नेल्या की १३ टक्के कपात झाली, वर हातात पैसे. दुसरं, कोकरू १२ किलोवरून २५ किलोवर जायला तुमच्याकडे किती दिवस लागतात? रोज ६५ ग्रॅम वाढ असेल तर २०० दिवस. रोज १२ ग्रॅम मिथेन धरला तर २.४ किलो. जंतनाशक वेळेवर, खनिज मिश्रण, कुट्टी करून चारा आणि २५० ग्रॅम खुराक एवढ्यावर वाढ १०० ग्रॅमवर नेली तर १३० दिवस लागतील. जास्त खातं म्हणून रोजचा मिथेन १४ ग्रॅम धरा, तरी एकूण १.८ किलो. तेवढ्याच मटणामागे चौथाई मिथेन कमी, आणि ७० दिवसांचा चारा वाचला. हे विकायला कुणी दारात येत नाही, कारण यात पिशवी नाही.

कार्बन क्रेडिटचंही पाहून टाकू. ३०० किलोच्या २० टक्के म्हणजे ६० किलो मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, म्हणून हे झाले १ टन ६८० किलो. टनाला हजार रुपये मिळाले असं समजा, तर वर्षाला १,६८० रुपये. त्यासाठी पावडर लागणार रोज ६०० ग्रॅम, १०८ रुपयांची, म्हणजे वर्षाला ३९,४२० रुपये. आणि मोजणार कोण? मेंढीचा मिथेन मोजायला बंद कक्ष लागतो, किंवा जनावराच्या पोटात शोधक वायूची कुपी सोडून नाकाजवळ नळी लावावी लागते. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांना थोडा वेळ पेटीत ठेवून मोजतात, त्यावरून कमी मिथेनवाल्या मेंढ्यांची पैदासही त्यांनी केलीय. तुमच्या ६० मेंढ्यांसाठी असं कुणी मोजायला येणार नाही.

याच ओघात फिरत्या कळपांबद्दल एक शब्द. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या, शेतात मेंढ्या बसवणाऱ्या मेंढपाळाला कुणी ही पावडर विकत असेल तर त्याला थांबवा. त्याची मेंढी आधीच बाभूळ, बोर, हिवर ओरबाडत चालते. तुरट पाला तिच्या रोजच्या जेवणात आहे. आकडीने फांदी हलवून शेंगा पाडणारा म्हातारा हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय.

तरीही पावडर करून बघायचीच असेल, तर विक्रेता पुन्हा आला की चार गोष्टी विचारा. कुठल्या झाडाचा कुठला भाग आहे? टॅनिन किती टक्के? प्रयोग जिवंत मेंढीवर झाला की काचेच्या बाटलीत कोठीपोटातला रस घालून? बाटलीत मिथेन बऱ्याचदा भरपूर घटतो, जनावरात तेवढा घटत नाही. आणि किती दिवस चालला? उत्तरं नीट आली तर सारख्या वजनाची २० कोकरं निवडा, दहा-दहाचे दोन वाडे करा, एकाला पावडर, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं सारखं. ६० दिवस. दर पंधरवड्याला सकाळी उपाशीपोटी वजन, आणि रोज गव्हाणीत उरलेलं तोलून वहीत लिहायचं. मिथेन तुम्हाला मोजता येणार नाही, पण खाणं आणि वजन येईल, आणि खिशातले पैसे त्यावरच ठरतात. पहिली पिशवी विक्रेत्याने फुकट द्यावी. स्वतःच्या मालावर भरवसा असेल तर देईल.

बाभळीच्या शेंगा गोळा करणार असाल तर झाडाखालच्या ओल्या उचलू नका. दोन दिवस कडक उन्हात वाळवा, हलवल्यावर आत बी खुळखुळलं पाहिजे, मगच पोत्यात भरा. काळपट बुरशी धरलेली शेंग टाकून द्या, ती मेंढीला तर नाहीच, शेळीलाही घालू नका. आणि कळपात भाकड मेंढ्या असतील तर त्यांचे बिल्ले नंबर वहीत काढून ठेवा.